लघुग्रहाचा ‘शोध’ म्हणजे नेमके काय? : मद्रास ते कवलूर

मिरज-बेळगाव-हुबळीमार्गे बंगळुरूला येणाऱ्या मराठी प्रवाशांना यशवंतपूर हे स्थानक चांगले परिचयाचे आहे. भारतीय विज्ञान संस्थेचा विस्तीर्ण परिसर येथून जवळच आहे. काही वर्षांपूर्वी एक चर्चासत्र आटोपून परतीच्या गाडीची वाट पाहत मी या स्थानकाच्या फलाटावर बसलो होतो. सोबत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक विद्यार्थी होता. वही चाळता चाळता त्याने विचारले, “सर, ४१३० क्रमांकाच्या लघुग्रहाला रामानुजन यांचे नाव आहे, तो १९८८ मध्ये कवलूरला सापडला, हे माझे पाठ आहे. पण सापडला म्हणजे नेमके काय झाले?” मी सवयीने वर पाहिले. फलाटावरील दिव्यांच्या झगमगाटात आकाशात एकही तारा दिसत नव्हता.

प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. खाणीतून हिरा सापडतो किंवा उत्खननात नाणे सापडते, तसा लघुग्रह सापडत नाही. तो दिसणे ही केवळ सुरुवात असते. त्याची कक्षा निश्चित होणे, तो पुन्हा अपेक्षित जागी आढळणे आणि जगाच्या नोंदवहीत त्याला कायमचा क्रमांक मिळणे ही सर्व साखळी पूर्ण झाल्यावरच शोध पक्का होतो. एखाद्या देशात ही साखळी टिकते की तुटते हा प्रश्न खगोलशास्त्राइतकाच संस्थांचा आणि सार्वजनिक खर्चाच्या प्राधान्यक्रमाचा आहे. प्रस्तुत लेखकासारख्या अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला या विषयात रस वाटण्याचे कारण तेच.

हरवलेला सीरिस आणि गणिताचे साहाय्य

मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांमधील अंतर अवाजवी मोठे आहे, हे अठराव्या शतकातील अभ्यासकांना खटकत होते. टिटियस आणि बोडे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अंकमालिकेनुसार सूर्यापासून सुमारे २.८ खगोलीय एकक अंतरावर एक ग्रह असायला हवा होता. (पृथ्वी आणि सूर्य यांमधील सरासरी अंतर म्हणजे एक खगोलीय एकक.) १ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीतील पालेर्मो येथे ज्युसेप्पे पियाझ्झी यांना ताऱ्यांची सूची तयार करताना एक ठिपका रोज थोडा सरकताना आढळला. ११ फेब्रुवारीपर्यंत त्यांनी त्याचे वेध घेतले. पुढे ते आजारी पडले आणि हा ठिपका सूर्याच्या तेजात दिसेनासा झाला. तो पुन्हा कोठे उगवेल हे कोणालाच सांगता येईना. चोवीस वर्षांच्या कार्ल फ्रेडरिक गाऊस यांनी मोजक्या वेधांवरून कक्षा काढण्याची नवी गणिती रीत शोधली आणि वर्षअखेरीस सीरिस त्यांनी वर्तवलेल्या जागेजवळ पुन्हा मिळाला.

विद्यार्थ्यांनी या घटनेकडे नीट पाहावे. पियाझ्झींनी सीरिस पाहिला, परंतु गाऊस यांचे गणित नसते तर तो हरवलेलाच राहिला असता. पुढे पॅलस (१८०२), जूनो (१८०४) आणि व्हेस्टा (१८०७) सापडले. दुर्बिणीतूनही ताऱ्यासारखेच दिसणाऱ्या या पिंडांना विल्यम हर्शेल यांनी ‘अॅस्टेरॉइड’ हे नाव दिले. १८४५ पासून नव्या लघुग्रहांची रीघ लागली. सीरिसला मात्र २००६ मध्ये बटुग्रहाचा दर्जा मिळाला. जुन्या पाठ्यपुस्तकांत त्याचा उल्लेख ‘सर्वांत मोठा लघुग्रह’ असा असतो, हे परीक्षार्थींनी ध्यानात ठेवलेले बरे.

मुख्य पट्टा साधारणपणे २.१ ते ३.३ खगोलीय एककांदरम्यान पसरलेला आहे. चित्रपटांत दाखवतात तशी तेथे दगडांची दाटी नसते. पट्ट्यातील सर्व पिंडांचे एकत्रित वस्तुमान चंद्राच्या वस्तुमानाच्या चार-पाच टक्क्यांपलीकडे जात नाही आणि त्यातील सुमारे एक तृतीयांश वाटा एकट्या सीरिसचा आहे. गुरूच्या गुरुत्वाकर्षणामुळे येथील द्रव्याचा ग्रह बनू शकला नाही. गुरूचा हा प्रभाव आजही मोजता येतो. केप्लरच्या तिसऱ्या नियमानुसार २.५ खगोलीय एककांवरील पिंडाचा परिभ्रमणकाळ काढून पाहावा. २.५ चा घन १५.६२५ आणि त्याचे वर्गमूळ सुमारे ३.९५. गुरूला सूर्याभोवती फिरण्यास ११.८६ वर्षे लागतात, म्हणजे बरोबर तिप्पट. अशा पिंडाला दर तीन फेऱ्यांनंतर गुरूचा ओढा त्याच स्थितीत जाणवतो आणि कालांतराने तो त्या कक्षेतून बाहेर फेकला जातो. पट्ट्यात या अंतरावर पोकळी आढळते. डॅनिअल कर्कवुड यांनी १८६६ मध्ये अशा पोकळ्या दाखवून दिल्या. अशा वाटांनी बाहेर पडलेले काही तुकडे पृथ्वीच्या कक्षेपर्यंत पोहोचतात. बुलडाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर अंतराळातून आलेल्या अशाच एका पिंडाच्या आघाताने निर्माण झाले.

मद्रासचा वेधकर्ता

लघुग्रहांच्या इतिहासात भारताचे नाव आले ते १८६१ मध्ये. नॉर्मन रॉबर्ट पॉगसन हे त्या वर्षी मद्रास वेधशाळेत शासकीय खगोलशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. ताऱ्यांच्या प्रतीचे जे प्रमाण आज सर्वत्र वापरले जाते, म्हणजे एका प्रतीचा फरक २.५१२ पट आणि पाच प्रतींचा फरक बरोबर १०० पट, ते याच पॉगसन यांनी १८५६ मध्ये सुचवले होते. मद्रासला आल्यावर अवघ्या काही आठवड्यांत, १७ एप्रिल १८६१ रोजी, त्यांनी ६७ वा लघुग्रह शोधला. आशिया खंडातून सापडलेला हा पहिला लघुग्रह होता. म्हणून त्याचे नाव ‘आशिया’. त्यानंतर सॅफो (१८६४), सिल्व्हिया (१८६६), कॅमिला (१८६८) आणि शेवटी ६ फेब्रुवारी १८८५ रोजी २४५ क्रमांकाचा व्हेरा हे लघुग्रह त्यांनी मद्रासहून शोधले.

त्या काळी छायाचित्रणाचे साधन नव्हते. वेधकर्ता आकाशाच्या एका लहान भागाचा ताऱ्यांसह नकाशा काढी आणि पुढील रात्री तोच भाग पुन्हा ताडून पाही. नकाशात नसलेला ठिपका दिसला की त्याचा पाठलाग सुरू. डोळे, स्मरणशक्ती आणि चिकाटी हेच त्याचे भांडवल. वेधशाळेतील मनुष्यबळ तुटपुंजे होते. चिंतामणी रघुनाथाचारी हे तेथील भारतीय साहाय्यक स्वतः कसलेले वेधकर्ते होते. आर रेटिक्युली या रूपविकारी ताऱ्याचा शोध १८६७ मध्ये त्यांच्या नावावर जमा आहे आणि लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे ते पहिले भारतीय सभासद. पॉगसन यांची कन्या आयसिस हिनेही १८७३ पासून वेधशाळेत साहाय्यक म्हणून काम केले. स्पर्धा परीक्षांच्या टिपणवह्यांत पॉगसन यांचे नाव असते, ही दोन नावे क्वचितच आढळतात.

मद्रासच्या या कामाचे मोल पुढे अनपेक्षितपणे वाढले. २००१ मध्ये सिल्व्हियाभोवती फिरणारा एक उपग्रह आढळला आणि २००५ मध्ये दुसरा जाहीर झाला. दोन उपग्रह असलेला हा पहिला ज्ञात लघुग्रह ठरला. त्या उपग्रहांची नावे रोम्युलस आणि रीमस. कॅमिलालाही दोन उपग्रह असल्याचे आता माहीत झाले आहे. पॉगसन यांनी नोंदवलेल्या त्या ठिपक्यांत काय दडले आहे, हे समजायला १३५ वर्षांहून अधिक काळ लागला. एखाद्या प्रकल्पाचा परतावा तीन किंवा पाच वर्षांत मागण्याची आपली रीत येथे लागू पडत नाही.

शतकभराचा खंड

पॉगसन १८९१ मध्ये निवर्तले. त्याच वर्षी जर्मनीत मॅक्स वोल्फ यांनी छायाचित्राच्या साहाय्याने लघुग्रह शोधण्याची पद्धत यशस्वी केली आणि या क्षेत्राचे तंत्रच पालटले. भारत मात्र नेमक्या याच वळणावर शर्यतीबाहेर पडला. याचे कारण केवळ अनास्था हे नव्हते. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळाने मद्रास व मुंबई इलाखे आणि म्हैसूर संस्थान होरपळून निघाले होते. सूर्यावरील घडामोडींचा आणि मान्सूनचा संबंध उलगडला तर दुष्काळाची पूर्वसूचना मिळेल, अशी त्या वेळी आशा होती. त्यामुळे सूर्याच्या नियमित निरीक्षणाला अग्रक्रम मिळाला आणि १८९९ मध्ये मद्रासचे खगोलीय कार्य कोडाईकनालच्या सौर वेधशाळेकडे वळले. तेथेही मोलाचे काम झाले. जॉन एव्हरशेड यांनी १९०९ मध्ये सौरडागांतील वायूंच्या प्रवाहाचा जो शोध लावला, तो आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो.

अर्थशास्त्रात ज्याला संधी खर्च म्हणतात, त्याचे हे बोलके उदाहरण आहे. मर्यादित निधी सूर्याकडे वळला आणि त्याची किंमत रात्रीच्या आकाशाने मोजली. तो निर्णय त्या काळच्या माहितीच्या आधारे अविवेकी होता, असे मला वाटत नाही. चूक वेगळीच झाली. वेध घेण्याची जी परंपरा मद्रासमध्ये तयार झाली होती, ती जपण्यासाठी लहानशी तरतूदही मागे उरली नाही. इमारत पुन्हा बांधता येते, दुर्बीण आयात करता येते. अंधारात हात न चाचपता यंत्र हाताळणारी, शंकास्पद ठिपका आणि काचेवरचा डाग यांतील फरक एका नजरेत ओळखणारी माणसे बाजारात विकत मिळत नाहीत.

कवलूरची माघी अमावास्या

ही परंपरा पुन्हा उभी करण्याचे श्रेय प्रामुख्याने मनाली कल्लट वेणू बाप्पू यांना जाते. १९६० मध्ये ते कोडाईकनालचे संचालक झाले. तारे-दीर्घिकांच्या अभ्यासासाठी त्यांनी तमिळनाडूतील जवादी टेकड्यांमध्ये, बंगळुरूपासून सुमारे १७५ किलोमीटरवर, कवलूर हे ठिकाण निवडले. शहरांच्या उजेडापासून ते दूर आहे. साडेबारा अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे तेथून दक्षिण आकाशाचा मोठा भागही दिसतो. १९६८ मध्ये देशातच बनवलेल्या ३८ सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीने तेथे काम सुरू झाले. १९७२ मध्ये १०२ सेंटिमीटरची दुर्बीण आली आणि १९७७ मध्ये युरेनसच्या कड्यांच्या शोधात तिचा वाटा राहिला. १९७१ मध्ये भारतीय खगोलभौतिकी संस्था स्वायत्त झाली आणि पुढे तिचे मुख्यालय बंगळुरूच्या कोरमंगलात स्थिरावले. बाप्पू १९८२ मध्ये निवर्तले. २.३४ मीटरची मोठी दुर्बीण १९८६ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली, त्या वेळी वेधशाळेला व दुर्बिणीला त्यांचे नाव देण्यात आले.

लघुग्रह मात्र या मोठ्या दुर्बिणीने शोधला नाही. हा मुद्दा विद्यार्थ्यांच्या नजरेतून सुटतो. मोठी दुर्बीण आकाशाचा अगदी लहान तुकडा खोलवर पाहते, तर हरवलेल्या गुराचा शोध घेणाऱ्याला सबंध माळरान नजरेखाली हवे असते. त्यासाठी श्मिट प्रकारची, विस्तृत दृष्टिक्षेत्राची दुर्बीण लागते. कवलूरच्या ४५ सेंटिमीटरच्या श्मिट दुर्बिणीवर आर. राजमोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लघुग्रह व धूमकेतूंच्या शोधासाठी ‘कल्की’ प्रकल्प राबवला. याच प्रकल्पात १७ फेब्रुवारी १९८८ रोजी पुढे ४१३० हा क्रमांक मिळालेला लघुग्रह नोंदला गेला.

पंचांग पाहिले तर ती तिथी माघी अमावास्या होती. महाशिवरात्री नुकतीच होऊन गेलेली, आकाश निरभ्र राहण्याचा हंगाम आणि चंद्रप्रकाशाचा अडसर नाही. अशा कामासाठी वेधकर्ते अशाच रात्रींची वाट पाहत असतात.

पद्धत अशी असते. सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेचा, म्हणजे प्रतियुतीचा भाग निवडायचा. तेथील लघुग्रह पृथ्वीच्या सर्वांत जवळ असल्यामुळे तेजस्वी दिसतात. एकाच भागाची काही वेळाच्या अंतराने दोन छायाचित्रे घ्यायची आणि ती एकाआड एक भराभर दाखवणाऱ्या यंत्रात पाहायची. तारे स्थिर राहतात आणि सरकलेला ठिपका उड्या मारताना दिसतो. पट्ट्यातील लघुग्रह प्रतियुतीच्या सुमारास दिवसाला साधारण पाव अंश, म्हणजे चंद्रबिंबाच्या निम्म्या रुंदीइतका सरकतो. तोही वक्री, म्हणजे पश्चिमेकडे, कारण आतल्या कक्षेतील पृथ्वी त्याला मागे टाकत असते. यानंतर सूचीतील ज्ञात ताऱ्यांच्या संदर्भाने त्या ठिपक्याचे स्थान मोजायचे, हा पिंड आधी कोणी नोंदवला आहे काय ते तपासायचे आणि माहिती अमेरिकेतील केंब्रिज येथील लघुग्रह केंद्राकडे पाठवायची. तेथे जगभरातील वेध एकत्र येतात.

तात्पुरते नाव, कायमचा क्रमांक

या लघुग्रहाची पहिली ओळख ‘१९८८ डीक्यू१’ अशी होती. हे गूढ वाटणारे नाव प्रत्यक्षात एक पत्ताच आहे. वर्षाचे २४ पंधरवडे आणि प्रत्येकाला एक रोमन अक्षर (आय आणि झेड वगळून). ए म्हणजे जानेवारीचा पूर्वार्ध, डी म्हणजे फेब्रुवारीचा उत्तरार्ध. दुसरे अक्षर त्या पंधरवड्यातील अनुक्रम दाखवते. येथे फक्त आय वगळून २५ अक्षरे वापरतात, म्हणून क्यू सोळावा. शेवटचा आकडा २५ ची किती आवर्तने पूर्ण झाली ते सांगतो. म्हणजे २५ अधिक १६, त्या पंधरवड्यातील ४१ वी नोंद. आता याच रीतीने ‘२००६ व्हीपी३२’ सोडवून पाहावे. नोव्हेंबरचा पूर्वार्ध, पी पंधरावा, ३२ गुणिले २५ अधिक १५, म्हणजे ८१५ वी नोंद. अवघ्या अठरा वर्षांत पंधरवड्यातील नोंदी शेकड्यांवर गेल्या, कारण छायाचित्रांची जागा इलेक्ट्रॉनिक संवेदकांनी आणि संगणकांनी घेतली. हा दुसरा लघुग्रह म्हणजे ३००१२८ क्रमांकाचा ‘पंडितजसराज’. २०१९ मध्ये त्याला हे नाव मिळाले. पंडितजींची जन्मतारीख २८ जानेवारी १९३०. क्रमांकातील अंकांच्या जोड्या उलट क्रमाने वाचल्या की तीच तारीख मिळते.

कायमचा क्रमांक मिळण्यासाठी लघुग्रह सामान्यतः अनेक प्रतियुतींमध्ये पुन्हा दिसावा लागतो. पट्ट्यातील पिंडाची प्रतियुती साधारण सव्वा ते दीड वर्षाने येते. त्यामुळे क्रमांकाचा क्रम आणि शोधाचा क्रम एकच असेल असे नाही. कवलूरला सापडलेल्या ‘१९८८ बीएक्स’ आणि ‘१९८८ सीए’ या दोन लघुग्रहांची अक्षरे पाहा. बी म्हणजे जानेवारीचा उत्तरार्ध, सी म्हणजे फेब्रुवारीचा पूर्वार्ध. दोघेही रामानुजनच्या आधीचे, तरीही त्यांचे क्रमांक अनुक्रमे ८३४८ आणि ७५६४. पहिल्याला संस्थेचे तत्कालीन संचालक जे. सी. भट्टाचार्य यांचे, तर दुसऱ्याला विज्ञान प्रशासक म. गो. कु. मेनन यांचे नाव मिळाले. कक्षा ज्याची आधी पक्की झाली, तो आधी नोंदवहीत चढला.

नाव सुचवण्याचा अधिकार शोधकर्त्याचा असतो आणि क्रमांक मिळाल्यापासून दहा वर्षे तो टिकतो. मान्यता आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची समिती देते. नाव १६ अक्षरांपेक्षा मोठे चालत नाही. राजकीय किंवा लष्करी कारणांसाठी प्रसिद्ध असलेल्या व्यक्तींच्या बाबतीत मृत्यूनंतर १०० वर्षे लोटावी लागतात. रामानुजन यांची जन्मशताब्दी डिसेंबर १९८७ मध्ये नुकतीच पार पडली होती. त्यांच्या नावाशी जोडली गेलेली १७२९ ही प्रसिद्ध संख्या मात्र आधीच ‘बेरिल’ नावाच्या दुसऱ्याच लघुग्रहाच्या वाट्याला गेलेली होती!

हिशेब कोणत्या वहीत मांडायचा?

लघुग्रहांच्या आर्थिक मूल्याविषयी अधूनमधून डोळे दिपवणारे आकडे प्रसिद्ध होतात. १८५२ मध्ये सापडलेल्या १६ सायकी या धातुसमृद्ध मानल्या जाणाऱ्या लघुग्रहाकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेचे यान निघाले, तेव्हाही असेच झाले. लोखंड आणि निकेलचा आजचा बाजारभाव घ्यायचा आणि सबंध लघुग्रहाच्या वस्तुमानाने गुणायचे, हा हिशेब पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शोभणारा नाही. एवढा पुरवठा बाजारात आला तर भाव तोच कसा राहील? शिवाय आणण्याचा खर्च कोणी धरला?

लघुग्रहाच्या शोधातून मिळते ती वस्तू निराळी आहे. रामानुजन लघुग्रहाची कक्षा एका देशाने वापरली म्हणून दुसऱ्यासाठी उरत नाही असे होत नाही आणि कोणाला तिच्यापासून वंचितही ठेवले जात नाही. सार्वजनिक वस्तूचे दोन्ही निकष ती पूर्ण करते. खासगी गुंतवणूक अशा ठिकाणी आपणहून येत नाही, म्हणून खर्चाचा भार शासनावर राहतो. या सामाईक नोंदवहीत आज १३ लाखांहून अधिक लघुग्रह आहेत. चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये जाहीर केलेल्या पहिल्या निरीक्षणांत, सुमारे दहा तासांच्या वेधांमधून, २१०४ नवे लघुग्रह हाती लागले. पॉगसन यांना मद्रासहून पाच मिळवायला २४ वर्षे लागली होती.

अशा यंत्रांच्या काळात लहान वेधशाळांचे स्थान काय, असा प्रश्न साहजिकच पडतो. याचे एक उत्तर लडाखमधील हानले येथे दिसते. तेथे २०१८ मध्ये आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था यांनी मिळून ०.७ मीटरची स्वयंचलित दुर्बीण कार्यान्वित केली. मोठ्या सर्वेक्षणात दिसलेल्या पिंडाचा लगेच पाठपुरावा करणे हे तिचे एक काम. पाठपुरावा झाला नाही तर नवा पिंड सीरिससारखाच हरवतो. दुसरे उत्तर माणसांचे आहे. ऑगस्ट २०२० मध्ये पृथ्वीपासून अवघ्या २९५० किलोमीटरवरून गेलेला ‘२०२० क्यूजी’ हा लहानसा लघुग्रह कॅलिफोर्नियातील दुर्बिणीच्या प्रतिमांमध्ये प्रथम ओळखणाऱ्यांत आयआयटी मुंबईचे दोन विद्यार्थी होते. पंधरवडा कोणता आणि त्यातील नोंद कितवी, हे वाचकांनी आता स्वतः काढावे.

यशवंतपूरच्या त्या विद्यार्थ्याचा आणखी एक प्रश्न होता. काही पुस्तकांत रामानुजन लघुग्रह भारतातून ‘१०४ वर्षांनंतर’ सापडल्याचे म्हटले आहे, तर काहींत १०३. खरे कोणते? आम्ही फलाटावरच वजाबाकी केली. ६ फेब्रुवारी १८८५ ते १७ फेब्रुवारी १९८८ म्हणजे १०३ वर्षे आणि ११ दिवस. त्याने वहीत आकडा दुरुस्त केला आणि समासात रघुनाथाचारींचे नाव लिहून घेतले. तोवर गाडी फलाटाला लागली होती.